एकशे आठ सेकंद आणि अर्धा तास

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात इंग्लंडहून भाचीचा फोन आला. आवाज पडलेला. "मामा, आमच्या शाळेत फर्दर मॅथ्स शिकवतच नाहीत. दोनच मुलं होतो, म्हणून वर्ग काढला नाही. आता ही ऑक्सफर्डची परीक्षा मी द्यायची तरी का?"

तिकडची व्यवस्था थोडी समजून घ्यायला हवी. सोळाव्या वर्षानंतर तिथली मुलं दोन वर्षं ए-लेव्हल करतात. बहुतेक जण तीन विषय घेतात, हौशी असतील ते चार. गणित हा त्यातला एक विषय, आणि 'फर्दर मॅथ्स', म्हणजे पुढचं गणित, हा दुसरा, पूर्णपणे स्वतंत्र. २०२४ साली ए-लेव्हलच्या गणिताला एक लाखाहून जास्त मुलं बसली, पुढच्या गणिताला सुमारे अठरा हजार. हा विषय घ्यायचा की नाही हे मूल ठरवतं असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ते पुष्कळदा शाळा ठरवते. शिकवायला शिक्षक नाही, वर्ग भरण्याइतकी मुलं नाहीत, मग विषय नाही.

मी तिला विचारलं, त्या पुढच्या गणितात असतं तरी काय? तिनं यादी वाचून दाखवली. कॉम्प्लेक्स नंबर्स, मॅट्रिक्स, इंडक्शननं सिद्धता, डिफरन्शियल इक्वेशन्स, पोलर को-ऑर्डिनेट्स, हायपरबोलिक फंक्शन्स. ऐकता ऐकता मला हसू आलं, आणि तिला राग. हसू अशासाठी की यातली निम्म्याहून अधिक प्रकरणं आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या साध्या पुस्तकांत आहेत. संमिश्र संख्या अकरावीत, इंडक्शन अकरावीत, मॅट्रिक्स दोन्ही वर्षांत, डिफरन्शियल इक्वेशन्स बारावीत. म्हणजे इंग्लंडात अठरा हजारांनाच जे मिळतं, त्यातलं बरंचसं आपल्याकडे तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात सायन्सला गणित घेतलेल्या कुठल्याही पोराच्या दप्तरात असतं.

मग ते पोर ऑक्सफर्डचा पेपर सहज सोडवेल का? किंवा आपल्या चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा? मी पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं आहे. उत्तर मला माहीत आहे, आणि ते फारसं सुखाचं नाही.

बारावीनंतर मी स्वतः अशाच एका नामवंत संस्थेच्या प्रवेशपरीक्षेला बसलो होतो. बोर्डात गणिताला शंभरात अठ्ठ्याण्णव. पेपर हातात पडला तेव्हा आठ प्रश्न होते आणि दोन तास. पहिला प्रश्न वाचला. सगळे शब्द ओळखीचे. मनात पहिला विचार आला तो असा: हा कुठल्या धड्यातला? दुसरा वाचला, पुन्हा तेच. दोन तास संपले तेव्हा माझ्या कागदावर दीड उत्तर होतं, आणि त्यातलं अर्धं चूक. बाहेर आल्यावर मित्राला म्हणालो, "सिलॅबसच्या बाहेरचं विचारलं रे." घरी जाऊन पाहिलं. एकही प्रश्न बाहेरचा नव्हता. अर्धे तर नववी-दहावीवर उभे होते.

तेव्हापासून माझं मत बनत गेलं. अशा परीक्षांत मूल मागं पडतं ते धडे कमी पडल्यामुळे क्वचित. धड्याचं नाव काढून घेतल्यावर प्रश्नाजवळ बसायची सवय त्याला नसते, तिथं ते अडतं. ही सवय मेंदूच्या जातकुळीवर अवलंबून नाही. ती लागते निवांत वेळातून आणि कुणाच्या तरी सोबतीतून. आणि या दोन गोष्टी जगात फर्दर मॅथ्सच्या वर्गांइतक्याच विषम वाटलेल्या आहेत.

सवय म्हणजे काय ते सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. त्या फोनवर मी भाचीला विचारलं, "एक ते शंभरमधल्या कोणत्या संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येत नाहीत?" वर्ग म्हणजे पूर्ण संख्यांचे, शून्य चालेल. ती लगेच म्हणाली, "अ वर्ग वजा ब वर्ग म्हणजे अ वजा ब गुणिले अ अधिक ब." बरोबर. आठवीत पाठ केलेलं सूत्र. पुढं शांतता. "मग?" मी म्हटलं. "मग काय, एवढंच येतं मला."

मी फोन ठेवला नाही, बोललोही नाही. तिनं ओळीनं लिहायला सुरुवात केली. एक म्हणजे एक वजा शून्य. दोन? जमेना. तीन म्हणजे चार वजा एक. चार म्हणजे चार वजा शून्य. पाच म्हणजे नऊ वजा चार. सहा जमेना. सात जमलं, आठ जमलं, नऊ जमलं. दहा अडलं. "मामा, दोन, सहा, दहा. पुढचा चौदा असणार." असणार हे कळलं, का असणार, ते कळत नव्हतं. पंचवीस मिनिटं गेली. मध्ये एकदा तिच्या आईनं जेवायला हाक मारली, ती "पाच मिनिटं" म्हणाली. मग अचानक तिचा आवाज चढला. "अ वजा ब आणि अ अधिक ब... यांची बेरीज दोन अ! म्हणजे सम! म्हणजे दोन्ही सम, नाहीतर दोन्ही विषम!" दोन्ही विषम असतील तर गुणाकार विषम. दोन्ही सम असतील तर गुणाकाराला चारनं भाग जाणारच. म्हणजे जी संख्या सम आहे पण चारच्या पाढ्यात नाही, ती कधीच येणार नाही. दोन, सहा, दहा, थेट अठ्ठ्याण्णवपर्यंत, एकूण पंचवीस. आणि बाकीच्या सगळ्या येतात का? तेही तिनंच दाखवलं. लागोपाठच्या दोन वर्गांच्या फरकातून प्रत्येक विषम संख्या मिळते, एक सोडून पुढच्या वर्गाशी फरक घेतला की चारचा प्रत्येक पट.

यात आठवीपलीकडचं काही नाही. तरी बोर्डात नव्वदीच्या वर गुण मिळवलेल्या माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना हा प्रश्न सुटत नाही. सूत्र सगळ्यांना येतं. सूत्राकडे क्षणभर टक लावून बघणं, त्यातल्या दोन कंसांचं एकमेकांशी काही नातं आहे का असं विचारणं, हे कुणी करून घेतलेलं नसतं. ऑक्सफर्डनं वर्षानुवर्षं घेतलेल्या 'मॅट' या चाचणीचा अभ्यासक्रम मुद्दाम ए-लेव्हल गणिताच्या पहिल्या वर्षाभोवती आखलेला. परीक्षा शरद ऋतूत व्हायची, तोवर दुसऱ्या वर्षाचे बहुतेक धडे झालेलेच नसायचे. पुढचं गणित नसलेल्या मुलाचं त्यात नुकसान होऊ नये हा हेतू. हेतू प्रामाणिक होता, आणि धड्यांपुरता तो साधलाही.

पण धड्यांपुरताच.

आता आपल्याकडे वळू. इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न असतात आणि नव्वद मिनिटं. भागाकार करून बघा: एका प्रश्नाला एकशे आठ सेकंद. केंब्रिजला गणितासाठी जायचं असेल तर 'स्टेप' नावाची परीक्षा द्यावी लागते. ती १९८७ पासून चालू आहे. तीन तासांचा एकेक पेपर, बारा प्रश्न, त्यातले सर्वोत्तम सहा मोजतात. म्हणजे एका प्रश्नाला अर्धा तास. आणि चार प्रश्न नीट, शेवटापर्यंत गेले तर साधारण पहिली श्रेणी पदरात पडते, असा तिथला वर्षानुवर्षांचा अनुभव. चार प्रश्न, तीन तास! आमच्याकडच्या क्लासवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, फारच सोपी परीक्षा आहे की.

एकशे आठ सेकंदांत विचार करता येत नाही. ओळखता येतं. हा अमुक प्रकार, याला तमुक सूत्र, हा पर्याय. दोन वर्षं रोज सहा तास हे ओळखण्याचं काम केलेला मुलगा खरोखर कुशल होतो. त्याची थट्टा करायची मला हौस नाही. पण त्याच मुलाला अर्ध्या तासाचा प्रश्न दिला की तो पहिल्या दोन मिनिटांनंतर बेचैन होतो. 'येत नाही' असं त्याला वाटायला लागतं. दोन मिनिटांत न सुटणं म्हणजे न येणं, हे समीकरण त्याच्या अंगात भिनलेलं असतं. अर्ध्या तासाच्या प्रश्नात पहिली दहा मिनिटं काहीच न दिसणं हा प्रश्नाचाच भाग असतो, ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते. सांगून कळतही नाही म्हणा. एकदा तरी अकराव्या मिनिटाला काही दिसल्याचा अनुभव यावा लागतो.

इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या पदवी प्रवेशाच्या बहुपर्यायी पेपरात एक पद्धत मी पाहत आलो आहे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला शून्य, आणि प्रश्न कोरा सोडला तर एक. मला ही फार आवडते. 'हे मला येत नाही' एवढं ओळखलंस, त्याचाही एक गुण. आमच्या शाळांत कोरं सोडणं म्हणजे गुन्हा. "काहीतरी लिहून ये रे," हे वाक्य परीक्षेला निघालेल्या मुलाला दारातच ऐकावं लागतं. त्यातून जे तयार होतं ते धाडस नव्हे; आपल्याला काय येतं आणि काय येत नाही यातली रेघच पुसली जाते.

आता कुणी म्हणेल, ही सगळी इंग्रजी परीक्षांची भलामण झाली. तसं नाही. तिथंही हाच रोग होऊन गेला आहे, आणि त्याच्याशी आपला मराठी संबंध जवळचा आहे. 'रँग्लर' हा शब्द आपल्याकडे नावाआधी लावायची पदवी झाला. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि सर्वांत पहिला तो सीनियर रँग्लर. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. (जॉर्ज बर्टविसल नावाच्या एका विद्यार्थ्याबरोबर त्यांना हा क्रमांक विभागून मिळाला होता; आपल्याकडे सांगताना तो बिचारा नेहमी गळतो.) पण त्या काळी ट्रायपॉस म्हणजे आजच्या क्लाससंस्कृतीची आजीच होती. विद्यापीठाच्या व्याख्यानांना मुलं फारशी जात नसत. खासगी शिकवण्यांना जात. एडवर्ड राउथ नावाच्या एका शिकवणीवाल्याच्या हाताखालून दोन डझनांहून जास्त सीनियर रँग्लर निघाले. १८९८ साली चौथा आलेला हार्डी, पुढं रामानुजनला केंब्रिजला नेणारा, या पद्धतीवर इतका चिडलेला होता की ती मोडायला त्यानं कंबर कसली. १९०९ नंतर गुणानुक्रमाची ती यादी बंद झाली. कोणतीही कठीण परीक्षा पुरेसा काळ टिकली की तिच्याभोवती क्लास उगवतात आणि तिचे प्रश्न ओळखण्याच्या प्रकारांत वाटले जातात. स्टेपही त्याला अपवाद राहणार नाही. श्रीमंत शाळांत स्टेपचे खास तास आजच चालतात.

परांजप्यांची गोष्ट अजून एका कारणासाठी मला महत्त्वाची वाटते. मुर्डीच्या मुलाला एक नातेवाईक लाभले होते: धोंडो केशव कर्वे. ते स्वतः गणिताचे शिक्षक, पुढं फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. मुलाच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. हुशारी मुर्डीची खरी, पण तिला गणित जाणणारं वडीलधारं माणूस भेटलं. जयंत नारळीकरांचं उदाहरण तर याहून बोलकं. वडील विष्णु वासुदेव नारळीकर स्वतः रँग्लर. बनारसच्या घरात मुलांसाठी त्यांनी भिंतीला फळे लावले होते. जयंतरावांचे मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा शिकायला त्या घरी राहायला आले आणि फळ्यावर 'जेव्हीएनसाठी आव्हान' म्हणून प्रश्न लिहून ठेवू लागले. भाच्याला सुटेपर्यंत किंवा तो हात टेकेपर्यंत प्रश्न तिथंच. जाता-येता दिसणारा, पुसला न जाणारा प्रश्न.

मला विचाराल तर गणिताच्या प्रवेशपरीक्षेची याहून चांगली तयारी अजून कुणी शोधलेली नाही. तिला पुढचं गणित लागत नाही, फी लागत नाही. लागतो एक फळा, एक मामा, आणि फळा पुसायची घाई नसलेलं घर. आणि नेमकं हेच विकत मिळत नाही.

विद्यापीठं 'शालेय गणितापलीकडचं काही लागत नाही' असं म्हणतात तेव्हा ती खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात. त्यांनी साहित्य पुष्कळ खुलं केलं आहे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजचे स्टीफन सिक्लॉस यांनी स्टेपच्या प्रश्नांवर लिहिलेलं पुस्तक २०१६ पासून कुणालाही फुकट वाचता येतं. त्यात प्रत्येक प्रश्नाआधी गप्पा मारल्यासारखं विवेचन आहे, इथं काय सुचायला हवं, कुठं घसरायला होतं. केंब्रिजचा स्टेपच्या तयारीचा कार्यक्रमही फुकट आहे. चेन्नईच्या संस्थेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह तिच्या संकेतस्थळावर सापडतात. साताऱ्याच्या किंवा सिन्नरच्या मुलालाही फोनवर हे सगळं उतरवून घेता येतं. पण सकाळी गोठ्यातलं काम, मग कॉलेज, मग क्लास, आणि रात्री नऊला डोळे मिटत असताना पंचवीस मिनिटं एका प्रश्नाकडे नुसतं बघत बसायची चैन त्याला परवडते का? माझी भाची शनिवार-रविवार दुकानात काम करायची. तिलाही ती चैन मिळवावी लागली. साहित्य फुकट झालं म्हणजे संधी फुकट झाली असं धरून चालणं, ही या खुल्या दारांच्या युगातली सोयीची समजूत आहे.

माझ्या मताला एक अडचण आहे, ती लपवत नाही. धडे कमी पडल्यानं काहीच बिघडत नाही असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. स्टेपचा तिसरा पेपर पुढच्या गणितावरच उभा आहे. हायपरबोलिक फंक्शन्स न शिकता तिथं चातुर्य चालत नाही. तिथं शिकावंच लागतं, कुणाकडून तरी किंवा एकट्यानं. दुसरी गोष्ट याहून बारीक. पुढचं गणित घेतलेल्या मुलाचे बीजगणिताचे तास दुप्पट झालेले असतात. त्याचा हात बसलेला असतो. तीन ओळींची राशी तो चूक न करता उलगडतो. आमची विचारी मुलगी दुसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह हरवते आणि पुढची वीस मिनिटं भुताचा पाठलाग करते. हात बसवायला दुसरा इलाज नाही, रोजची वीस गणितं घोटावी लागतात, पाढ्यांसारखी. 'आम्ही समजून शिकतो, घोकत नाही' असं अभिमानानं सांगणाऱ्या शाळांतली मुलं या जागी हमखास पडतात. घोकंपट्टीला शिव्या घालणं फॅशनेबल आहे खरं, पण गवयाला पलटे चुकले नाहीत.

तरीही, उरलेल्या आठ आठवड्यांत काय करायचं हा भाचीचा प्रश्न होता, आणि तिला मी पुढचे धडे उघडू दिले नाहीत. ती कुरकुरली. मॅट्रिक्स शिकले तर बरं वाटेल म्हणाली. बरं वाटेल, हेच तर कारण! नवीन धडा शिकताना आपण पुढं चाललो आहोत असं वाटतं. जुन्या धड्यात खणताना एकाच जागी अडकल्यासारखं. धडा म्हणजे पायरी असा आपला समज झालेला. मी त्याला विहीर म्हणतो.

एका रविवारी तिला विचारलं, साइन क्ष बरोबर क्ष भागिले दहा, या समीकरणाला किती उत्तरं? कोन रेडियनमध्ये. ती क्ष एकटा करायला निघाली. तो एकटा होतच नाही, हे कळायला पाच मिनिटं गेली. मग कॅल्क्युलेटर. मी म्हटलं, कॅल्क्युलेटर ठेव, चित्र काढ. तिनं साइनच्या लाटा काढल्या आणि त्यांतून जाणारी सपाटशी चढती रेघ. लाट एकच्या वर जात नाही. रेघ क्ष दहा झाला की एकवर पोचते. म्हणजे दहाच्या पुढं बघायचंच नाही. उजवीकडे पहिल्या उंचवट्यात एक छेद, दुसऱ्यात दोन. तीन. डावीकडे तशीच तीन. आणि मधलं शून्य. सात. "सातच?" ती म्हणाली, "मी एकही सोडवलं नाही, नुसती मोजली." मग दहाच्या जागी शंभर घालून तिनं आपण होऊन पुन्हा केलं आणि त्रेसष्ट आणले. हा 'आपण होऊन' मला मिळालेला पहिला पुरावा होता. दिलेलं गणित संपल्यावर त्यातली संख्या बदलून बघावीशी वाटणं. परीक्षेची तयारी इथं सुरू होते असं मी समजतो.

अजून एक गोष्ट शिकवावी लागली, ती गणिताची नव्हे, भाषेची. अशा परीक्षांतले लांब प्रश्न जिन्यासारखे असतात. पहिला भाग सोपा, 'असं दाखवा'. मग 'हेन्स', म्हणजे 'त्यावरून', अमुक काढा. त्या एका शब्दात निम्मी मदत दडलेली असते: वरचं वापर, नव्यानं सुरू करू नकोस. मुलं तो शब्द ओलांडून जातात. आपल्याकडची मराठी माध्यमातून आलेली मुलं तर अकरावीत इंग्रजीत पडतात तेव्हा 'हेन्स', 'डिड्यूस', 'शो दॅट' हे सगळे शब्द त्यांना एकाच अर्थाचे वाटतात: 'उत्तर लिहा'. त्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण दहावीच्या भूमितीत हीच मुलं पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे चार टप्पे लिहून आलेली असतात. काय दिलं आहे, काय दाखवायचं आहे, आपण कुठं मदतीची रेघ मारली आणि मग कसं गेलो. याहून नेटकी मांडणी मी कुठल्या परदेशी पुस्तकात पाहिलेली नाही. पण ती मुलांनी प्रमेयाच्या क्रमांकासकट पाठ केलेली असते. आकृतीतली अक्षरं बदलली की सिद्धता कोसळते. मी शिकवत होतो त्या एका शाळेत तर आकृतीत पी-क्यू-आरच्या जागी एल-एम-एन घातले म्हणून पालक तक्रार घेऊन आले होते. तक्रार वरिष्ठांनी मान्यही केली.

भाचीला प्रवेश मिळाला की नाही, ते इथं मुद्दाम सांगत नाही. मिळाला असं लिहिलं तर वरचं सगळं एक यशाची कृती ठरेल, आणि नाही मिळाला असं लिहिलं तर वाचक म्हणतील, बघा, शेवटी पुढचं गणित लागतंच. आठ आठवड्यांच्या एका मुलीच्या निकालातून यातलं काहीच सिद्ध होत नाही. तसा निष्कर्ष काढणाऱ्याला स्टेपच्या परीक्षकानं शून्य दिलं असतं.

परीक्षेनंतर आठवड्याभरानं रात्री उशिरा तिचा मेसेज आला. पेपर कसा गेला त्याविषयी एक अक्षर नव्हतं. "मामा, वर्गांचं झालं. घनांचं काय? एक ते शंभरमधल्या कुठल्या संख्या दोन घनांची वजाबाकी असतात? ऋण संख्या नकोत."

मी चष्मा शोधला, पाकिटाच्या पाठीवर लिहायला लागलो. एक. सात. आठ. एकोणीस. वीसपर्यंत एवढ्याच सापडल्या, आणि यांच्यात वर्गांसारखं सरळ काही दिसेना. तिला लिहिलं, थांब, उद्या सांगतो. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर दुधाचा हिशेब होता. तो एका बाजूला सरकवून मी प्रश्न वर लिहिला. तो अजून तिथंच आहे, दुधाचा हिशेब मात्र दर महिन्याला बदलतो.